परकी भाषा, संगणक आणि मेळघाट

संगणकाच्या साहाय्याने परकी भाषा शिकविण्याची कल्पना जुनीच आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या ‘प्लेटो’ प्रणालीवर पुढे रशियन भाषेचे पाठ दिले गेले. यंत्र कंटाळत नाही, चुकलेला शब्द पुनःपुन्हा समोर आणते, आणि हसत नाही. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून आलेल्या, वर्गात इंग्रजी वाक्य उच्चारताना ओशाळणाऱ्या मुलीला या शेवटच्या गुणाचे मोल विशेष. ज्यांना इंग्रजी घरातच मिळाली त्यांना ते कळावयाचे नाही.

तेव्हा यंत्राला विरोध करणे हा पुरोगामी पवित्रा नव्हे. वाद अंदाजपत्रकाचा आहे. यंत्र हा एकदाचा भांडवली खर्च. त्याचे उद्‌घाटन करता येते. शिक्षकाचे वेतन हा दरवर्षीचा महसुली खर्च. त्याची फीत कोण कापणार? महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हाही ती शिकविणार कोण, हाच खरा प्रश्न होता.

आणि मेळघाटचे काय? धारणी-चिखलदऱ्यातील कोरकू मुलाची मातृभाषा मुंडा कुळातील. शाळेतली मराठीच त्याला परकी. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत वा हिंदीत सांगणारा संगणक त्याला एका परक्या भाषेतून दुसरीत ढकलतो. त्याला कोरकूतून अर्थ सांगणारे पाठ हवेत, आणि ते रचण्यासाठी कोरकू जाणणारे शिक्षक पगारावर नेमले पाहिजेत. बाजार हे करणार नाही. तेथे त्याला गिऱ्हाईक नाही. अमरावती जिल्हा परिषदेच्या पुढील अंदाजपत्रकात यंत्रखरेदीच्या शेजारी या पदांची मागणी आहे काय, हे कार्यकर्त्यांनी विचारावे.