टायसन, गडगा आणि तेवीस जातींची यादी

मंडळी, या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. अर्धा लेख तयारही होता. पण गेले दीड महिने डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, ती एकदा लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. तेव्हा आज कुत्र्यांबद्दल. गोंडस फोटोंची अपेक्षा असेल तर आत्ताच सांगतो, इथे नाहीत.

आधी भूगोल. माझं गाव खेड. पुण्यात हे सांगितलं की समोरचा लगेच "राजगुरुनगर ना?" म्हणतो. नाही हो, ते वेगळं. आमचं खेड रत्नागिरी जिल्ह्यातलं, जगबुडीच्या काठचं, भरणे नाक्यावरून आत वळायचं ते. तिथून थोडं पुढे आमची वाडी. चिऱ्याचं घर, पुढे पडवी, अंगण, मागे कलमं आणि दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. घरात आई-बाबा दोघंच. मी हिंजवडीत, बहीण ठाण्याला. कोकणातल्या निम्म्या घरांची हीच कथा. गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं, बाकी वर्षभर दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रं.

ते कुत्रं म्हणजे मोती. गावठी, तांबडा, एक कान मोडलेला. २०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री त्याला बिबट्याने पडवीतून उचलला. (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "मोतीला वाघाने नेला रे", एवढाच बाबांचा फोन होता.) कोकणात यात नवल काही नाही. पण आई घाबरली, संध्याकाळी सातनंतर मागचं दार उघडेना. बाबा म्हणाले, आता जरा दांडगा कुत्रा बघ.

आणि मी बघितला. रॉटवायलर.

इथे माझी एक कबुली. त्याच वर्षी १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरे तेवीस जाती माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांना परवाने देऊ नका, विक्री आणि पैदास थांबवा, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी, असं त्यात होतं. तेव्हा आमच्या ऑफिसात या यादीवर भरपूर हसून झालं होतं. कारण यादी खरंच विनोदी होती. डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही ती बघून घाम फुटेल. 'टोसा इनू' एकदा आणि 'जपानी टोसा' पुन्हा एकदा, म्हणजे एकच कुत्रा दोनदा. बोअरबोएलही दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी दोनदा. आणि एका नोंदीत नुसतंच 'टेरियर्स'! आता टेरियर हा अख्खा गट आहे. त्यात पिशवीत घालून नेता येईल असा यॉर्कशायर टेरियरही येतो. शेवटी 'बॅन डॉग' म्हणून ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा. म्हणजे 'इतर' हा कॉलम. आमच्याकडे असं काही रिव्ह्यूला आलं असतं तर उघडून न बघताच परत गेलं असतं.

१० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. ज्यांचा संबंध येतो त्यांना विचारलंच नाही, हा एक मुख्य मुद्दा. मग मे महिन्यात केंद्राने लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. मी तेव्हा ग्रुपवर अंगठा टाकला होता आणि खाली आपलं नेहमीचं वाक्य लिहिलं होतं: कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो.

चारेक महिन्यांनी मी मालक झालो.

पिल्लू कुणाकडून घेतलं ते सांगत नाही. एका ओळखीच्याच्या ओळखीतून नंबर मिळाला, फोनवर फोटो आले, पैसे ऑनलाइन गेले. पिल्लू चाळीस दिवसांचं होतं. पावती नाही, कागद नाही. २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्रीय नियम म्हणतात, पैदास करणारा राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेला हवा, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि विकताना त्याला मायक्रोचिप हवी. हे मी नंतर वाचलं. हेल्मेट घेताना तीन रिव्ह्यू वाचणारा माणूस मी, आणि पन्नास किलोचं होणारं जनावर घेताना काही वाचलं नाही. आठ आठवड्यांची अट सरकारी हौस नसते. पिल्लं एकमेकांना चावत खेळतात, जोरात लागलं की दुसरं केकाटतं, खेळ थांबतो, आणि किती जोरात चावलं म्हणजे जास्त होतं हे त्यातून कळतं. आमचा टायसन त्या शाळेत पूर्ण गेलाच नाही.

गावात आल्यावर पहिले सहा महिने तो सगळ्या वाडीचा लाडका होता. मग वाढला. बाबा सदुसष्ट वर्षांचे. त्यांना तो दोरीने धरवेना. म्हणून दिवसा साखळी, रात्री मोकळा. कोकणात सगळे असंच करतात, मोतीलाही दिवसा कधीमधी बांधायचे. फरक एवढाच की मोती पंधरा किलोचा होता आणि त्याला वाडीतली चाळीस माणसं, त्यांची पोरं, गॅसवाला, एसटीतून उतरणारे पाहुणे सगळे पाठ होते, कारण तो जन्मभर त्यांच्या पायात घोटाळला होता. टायसनने जग बघितलं ते साखळीच्या आठ फुटांतून. समोरून माणसं येताहेत, जाताहेत, आणि आपल्याला ना जवळ जाता येत ना लांब.

या मे महिन्यात, दुपारी, शेजारचा सातवीतला मुलगा फणसाचे गरे घेऊन आला. नेहमीप्रमाणे गडग्याच्या खिंडीतून. साखळीचा हूक खांबातून निघाला.

मी तिथे नव्हतो, मी स्टँडअप कॉलवर होतो. आईने कळशीतलं सगळं पाणी टायसनच्या तोंडावर ओतलं तेव्हा त्याने सोडलं. उजव्या हाताला कोपराखाली चौदा टाके. सरकारी दवाखान्यात जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, मग रेबीजची लस, ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा. हात वाचला, बोटं नीट हलतात. तो उजव्या हाताने लिहितो, आणि बॉलिंगही त्याच हाताने टाकतो.

त्याच रात्री मी निघालो. माझी तयारी होती की शिव्या खाऊ, पोलीस येतील, माफी मागू. यातलं काहीच झालं नाही. मुलाचे वडील लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत, मी त्यांना दादा म्हणतो. दादा पडवीत बसले, चहा घेतला, खर्चाचं बोललो तर "बघू रे" म्हणाले. पोलिसांचं मीच काढलं, तर म्हणाले, "वाडीत ऱ्हायचं हाय ना आपल्याला." दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गडग्याच्या खिंडीत करवंदीच्या काटेरी फांद्या रचलेल्या. चाळीस वर्षांची वाट होती ती. आई तेव्हापासून तिकडे बघतही नाही.

तर मुद्द्यावर येतो.

"मालक वाईट असतो" या वाक्यात एक गंमत आहे. ते म्हणताना डोळ्यांसमोर कोण येतो? गळ्यात सोन्याची चेन, स्कॉर्पिओ, टी-शर्टात न मावणारे दंड. २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या मुलावर पिटबुल सोडून हसत बसलेला माणूस. त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. वाईट मालक म्हणजे तो. आपण कसे असू? आपण तर आईवडिलांची काळजी असलेली, कुत्र्यावर प्रेम करणारी, चांगल्या ब्रँडचं खाणं मागवणारी माणसं! पण टायसनचा मालक मी होतो, आणि मी दोनेकशे किलोमीटरवर बसलो होतो. माझ्यात दुष्टपणा शोधून सापडणार नाही. नुसती गैरहजेरी सापडेल.

आणि जातीचं काहीच नसतं हेही आता मला म्हणवत नाही. आपण कामात रिस्क काढतो तेव्हा दोन आकडे धरतो, एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि घडली तर नुकसान किती. शक्यतेचा आकडा बराचसा माणसाच्या हातात असतो, हे मान्य. पण नुकसानीचा आकडा जबडा आणि वजन ठरवतात. मोती आयुष्यात दोघांना चावला होता, दोघांनाही टाका पडला नाही. टायसन एकदाच चावला. गोव्यात हणजूणला २०२४ च्या ऑगस्टमध्ये पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. त्या घरच्यांपुढे जाऊन 'कुत्रा वाईट नसतो' म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

मग बंदी घालावी का? इथे माझं मत अजूनही यादीच्या विरुद्धच आहे, पण आता हसून नाही. ब्रिटनने १९९१ साली कायदा करून पिटबुल, टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो अशा चार जाती बंद केल्या. पुढे लोकांनी एक्सएल बुली नावाचा धिप्पाड प्रकार तयार केला, तो त्या चारांत नव्हता. माणसं मेली. २०२३ च्या डिसेंबरअखेर त्यावरही बंधनं आली, आणि आता तिकडे कुत्र्याची उंची टेपने मोजतात, नर ५१ सेंटीमीटरच्या वर आहे का म्हणून. नेदरलँड्सने १९९३ ला आणलेली पिटबुल-बंदी २००८ मध्ये मागे घेतली. यादी केली की यादीबाहेरचा कुत्रा तयार होतो. आपल्याकडे तर २०१६ मध्ये विक्रीसाठी परदेशी कुत्री आयात करायलाच बंदी घातली गेली होती. तरी ही पिल्लं येतात कुठून? इथेच कुणाच्या तरी गच्चीवर, शेडमध्ये जन्मतात आणि माझ्यासारखे गिऱ्हाईक मिळतात.

कोर्टाचं म्हणाल तर वरळीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली एका हस्कीने शेजाऱ्याला चावा घेतला, मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली ती २०२५ मध्ये. हस्की त्या तेवीसात नाही, हे जाता जाता. कलम आहेच, जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा, नव्या न्याय संहितेत २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण ते लागू होतं चावल्यानंतर, आणि तेही कुणी तक्रार केली तर. आमच्या वाडीत ती होणार नाही. दादांनी ते एका वाक्यात सांगितलं.

मला राहून राहून आठवतो तो कोंडवाडा. जुन्या लोकांना माहीत असेल. कुणाचं गुरं दुसऱ्याच्या भातात शिरलं की ते धरून कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड भरून सोडवायचं. गुरांच्या अतिक्रमणाचा तो कायदा १८७१ चा आहे. त्यात म्हैस मुऱ्हा आहे की पंढरपुरी हे कुणी विचारत नव्हतं. जनावर कुणाचं, एवढाच प्रश्न. नावानिशी मालक ठरलेला असायचा. कुत्र्याच्या बाबतीत आपल्याला दीडशे वर्षांनी तेवढंही जमत नाही? पन्नास सीसीची स्कूटी रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. पन्नास किलोचा कुत्रा आणायला मात्र फक्त बँक अॅप पुरतं. ठरावीक वजनाच्या वरचा कुत्रा घ्यायचा तर आधी परवाना हवा, त्याच्याबरोबर त्याच पत्त्यावर राहणारा आणि त्याला धरू शकणारा माणूस दाखवा, चिप हवी, विमा हवा. आणि चिप न लावता विकणाऱ्याला पहिला दंड. या अटी असत्या तर मला टायसन मिळाला नसता. मिळायला नकोच होता.

अंमलबजावणी कोण करणार, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. ग्रामपंचायत घरपट्टीच्या रजिस्टरात आमच्या संडासाचीही नोंद ठेवते. त्यात कुत्र्याची एक ओळ वाढली तर काही बिघडत नाही. सगळे भरतील असं नाही, पण निदान विचारणारं कुणी असेल.

टायसनचं काय, हे सगळे विचारतात. एकाने गोडाऊनच्या राखणीला फुकट मागितला. बाबा म्हणाले देऊन टाक. मी नाही दिला. तिथेही साखळीच, आणि तिथल्या गडग्यापलीकडे कुणाची पोरं असतील ते मला दिसणार नाही. नसबंदी झाली, तोंडाला जाळी लावायची सवय हळूहळू लावतोय. बाबांना त्याला बाहेर काढायला मनाई आहे, गावातला एक जण पगारावर सकाळ-संध्याकाळ येतो. मी मॅनेजरशी बोलून महिन्यातले दोन आठवडे खेडमधून काम मागून घेतलंय. (नेटवर्क पडवीच्या एकाच कोपऱ्यात येतं, तो कोपरा टायसनचा होता. आता वाटून घेऊ.)

येत्या शुक्रवारी रात्री निघतोय. वेल्डिंगवाल्याला जाळीच्या खोलीचं माप द्यायचंय, दहा बाय वीस, दाराला दुहेरी कडी. त्याआधी दादांकडे जायचंय. त्या खिंडीतून नाही, रस्त्याने वळसा घालून, पुढच्या दाराने. आई म्हणते, पोरासाठी काहीतरी घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नको. क्रिकेटची बॅट बघून ठेवलीय, पण टाके निघाले असले तरी हाताला जोर अजून आलेला नाही म्हणतात. दुसरं काही सुचत असेल तर सांगा.