भूजलाचा हिशेब उघडा असावा

पावसाळा संपला की विहिरीच्या पाण्यासंबंधी काही प्रश्न प्रत्येक गावापुढे उभे राहतात. रब्बीत गहू घ्यावा, की हरभरा व ज्वारीवरच थांबावे? नाल्यावरील नव्या बंधाऱ्याची जागा वरच्या अंगास धरावी की खालच्या? आणखी एका विंधन विहिरीने जुन्या चार विहिरी कोरड्या पडतील काय? हे प्रश्न पूर्वी अनुभवाने सोडविले जात, आणि पुष्कळ ठिकाणी आजही तसेच सोडविले जातात. परंतु महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ह्या कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत भूजलाच्या वापराची व त्यास अनुरूप पिकांची योजना आखण्याची तरतूद केलेली आहे. योजना आली म्हणजे हिशेब आला. आणि ज्या हिशेबावरून शेतकऱ्यास एखादे पीक घेऊ नये असे सांगितले जाणार, तो हिशेब त्यास पाहावयास मिळाला पाहिजे. भूजलाच्या प्रवाहाचे गणित करणाऱ्या मुक्तस्रोत संगणक-आज्ञावलींकडे प्रस्तुत लेखक ह्याच दृष्टीने पाहतो.

हे गणित मुळात अवघड नाही. हेन्री डार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामानिमित्त वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून पाहिले व १८५६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन ठिकाणच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक अधिक, तितके अधिक पाणी वाहते. मधले अंतर जितके जास्त, तितके कमी वाहते. आणि पाणी ज्यातून वाहते तो थर भरड आहे की चिवट, ह्यावर उरलेले अवलंबून असते. संगणकावर भूजलाचे प्रतिमान उभे करताना हाच नियम वापरतात. पाणलोट क्षेत्राच्या नकाशावर चौकटी आखतात आणि प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र खाते मांडतात. पावसाचे मुरलेले पाणी व शेजारच्या चौकटींतून पाझरून आलेले पाणी जमेस धरावयाचे. पंपाने उपसलेले, ओढ्यास मिळालेले व शेजारी गेलेले खर्ची घालावयाचे. शिल्लक वाढली की पातळी चढते, घटली की उतरते. मात्र एका चौकटीची पातळी बदलली की शेजारच्या सर्व खात्यांत फेर पडतो. म्हणून हजारो खाती एकाच वेळी जुळवावी लागतात. हे काम माणसाच्या हातून होणारे नाही, एवढ्यासाठीच संगणक लागतो.

ह्या कामाची जगभर सर्वाधिक वापरात असलेली आज्ञावली म्हणजे ‘मॉडफ्लो’ होय. अमेरिकेच्या शासकीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने ती १९८४ साली प्रथम प्रसृत केली, आणि तेव्हापासून तिच्या सुधारित आवृत्त्या निघत आल्या. ‘मॉडफ्लो ६’ ही आवृत्ती २०१७ साली बाहेर पडली. तिला किंमत नाही. ती कोणीही उतरवून घ्यावी, वापरावी, तिच्या आत काय लिहिले आहे ते ओळीओळीने वाचावे आणि गरजेप्रमाणे त्यात बदल करावा, अशी पूर्ण मोकळीक आहे. चौकटी आखण्यास व नकाशे मांडण्यास लागणारी जोडसाधनेही फुकट मिळतात. अर्थात आज्ञावली फुकट असली तरी तिच्यावर काम करणारा मनुष्य शिकवून तयार करावा लागतो, आणि ते शिक्षण फुकट होत नाही. कृषी विद्यापीठांनी व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ही जबाबदारी उचलावी.

येथे कोणी विचारील की, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यास संगणक हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला आणि त्यावरून पिके ठरविली, ती अशा कोणत्याही प्रतिमानावाचून. ज्या गावात असा ताळेबंदही मांडला जात नाही, त्याने आधी तेथूनच आरंभ करावा. परंतु ताळेबंद सांगतो तो गावाच्या एकूण पाण्याचा आकडा. ते पाणी गावात कोठे आहे, कोणत्या महिन्यात कोणीकडे सरकेल, आणि वरच्या शिवारातील उपसा मार्चमध्ये खालच्या विहिरींना किती भोवेल, हे त्यातून कळत नाही. भांडणे नेमकी ह्याच गोष्टींवरून होतात, आणि तेथे प्रतिमानाचा उपयोग आहे.

आता हिशेब उघडा असावा असा आग्रह का, ते एका उदाहरणाने पाहू. खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण किती धरावयाचे, हा एक आकडा प्रत्येक प्रतिमानात भरावाच लागतो. समजा, तो शेकडा २ धरला. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखालील पातळी एक मीटर खाली गेली की २०० घनमीटर, अर्थात दोन लाख लिटर पाणी हाती येते. आता त्याच हेक्टरास पाच सेंटिमीटर खोलीची एक पाळी द्यावयाची तर ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे शेताखालच्या पाण्यातूनच ती पाळी दिली, तर एका पाळीस पातळी अडीच मीटर उतरली. गव्हाच्या पाच पाळ्यांस साडेबारा मीटर! आपल्याकडील कित्येक विहिरींची एकूण खोलीच ह्याहून फारशी अधिक नसते. आणि हाच आकडा शेकडा २ ऐवजी १ असेल, तर उतार दुपटीने, म्हणजे पाच पाळ्यांस पंचवीस मीटर होईल. कचेरीत बसून भरलेल्या एका लहानशा आकड्यावर गावाचा गहू अवलंबून असतो, तो असा. हा आकडा त्या गावच्या विहिरीवर उपशाची चाचणी घेऊन ठरविला, की दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालावरून उचलला, हे विचारण्याचा अधिकार गावास असला पाहिजे.

ह्यावर आक्षेप असा येतो की, शेतकऱ्यास ह्यातले काय कळणार? जमिनीच्या मोजणीचे यंत्र तरी किती जणांस कळते? तरीही मोजणीचा नकाशा खातेदारास मिळतो, आणि मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी मागू शकतो. दुसरा मोजणीदार त्याच खुणांवरून पुन्हा मोजतो म्हणूनच पहिल्याच्या मोजणीस किंमत आहे. भूजलाच्या प्रतिमानासही हीच कसोटी लावावी. विकत घेतलेल्या बंदिस्त आज्ञावलीतून निघालेला रंगीत नकाशा कितीही देखणा असला, तरी दुसऱ्या जाणकारास तो पडताळून पाहावयाचा तर आधी तीच आज्ञावली विकत घ्यावी लागते, आणि विकत घेऊनही तिच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. मुक्तस्रोत आज्ञावली वापरली आणि तिच्यात भरलेले आकडे अहवालासोबत दिले, तर तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही ते गणित पुन्हा करून पाहू शकेल. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रत्येक भूजल अभ्यासाच्या करारात ही अट घालावी आणि अहवालाचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीत ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसती आज्ञावली मुक्तस्रोत असून भागत नाही. आकडे कपाटात राहिले तर हिशेब बंदच राहिला.

ह्याबरोबरच प्रतिमानाकडून भलती अपेक्षाही करू नये. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर मुरूम, त्याखाली कोठे भेगाळलेला, कोठे मांजऱ्या, तर कोठे अगदी अभंग खडक, असे थर एकावर एक बसलेले आहेत. डार्सीने आपला नियम वाळूवर पाहिला होता. आपल्याकडे पाणी पुष्कळदा भेगांतून व सांध्यांतून धावते. सबंध पाणलोट क्षेत्राचा अंदाज घेताना हा फरक काही अंशी सावरून घेता येतो, पण एका गटात अमुक जागी बोअर मारला तर पाणी लागेल काय, ह्याचे उत्तर असे प्रतिमान देऊ शकत नाही. तसे उत्तर देऊन कोणी पैसे मागितले, तर पाणाड्याच्या नारळाच्या जागी संगणक आला एवढेच समजावे. नारळ निदान प्रसादाला तरी उपयोगी पडतो.

सर्वांत मोठी उणीव मात्र आज्ञावलीची नाही, नोंदींची आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून कार्य करीत आहे. तिच्या निरीक्षण विहिरींचे पूर्वापार जाळे सुमारे ३,९०० विहिरींचे आहे, आणि राज्यात गावे आहेत चाळीस हजारांच्या घरात. म्हणजे सरासरीने दहा गावांमागे एक विहीर झाली. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक भागांत गावपातळीवरील मोजमापास चालना दिली. परंतु उरलेल्या गावांत विहिरीची पातळी मोजून लिहून ठेवणारा कोणी नसेल, तर तेथील प्रतिमान कशाशी ताडून पाहावयाचे? मागील पाच वर्षांच्या पातळ्या ज्या प्रतिमानास बरोबर काढता येत नाहीत, त्याने पुढील वर्षाचे भाकीत करू नये, हा ह्या शास्त्रातील साधा दंडक आहे. मागील पातळ्याच लिहिलेल्या नसतील तर तो पाळावयाचा तरी कसा?

हे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्याच हंगामापासून हाती घ्यावे. गावाच्या वरच्या, मधल्या व खालच्या अंगास मिळून पाच-सहा विहिरी निवडाव्यात. कठड्यावर तेलरंगाने एक खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून, वजन बांधलेल्या फितीने, पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ‘दोन परस पाणी आहे’ अशी नोंद चालणार नाही. मीटर व सेंटिमीटर लिहावेत. मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी करावी. आदल्या रात्री उपसा झाला असेल तर तसे वहीत नमूद करावे, कारण चढत असलेली पातळी ही विसावलेली पातळी नव्हे. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे ह्या चार महिन्यांत तरी नोंद चुकू नये. महिन्यास एक झाली तर उत्तम. उपसा मोजण्यासाठी २०० लिटरचे पिंप पुरते. ते ४० सेकंदांत भरले तर ताशी १८,००० लिटर पाणी निघते. मग मोटार दिवसाकाठी किती तास चालली, तेवढे लिहिले की झाले. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक विहिरीचा गट क्रमांक, खोली आणि खूण कोठे केली आहे हे लिहावे, म्हणजे कार्यकर्त्याची बदली झाली तरी नवा मनुष्य त्याच खुणेवर फीत धरील. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी व दुसरी भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयास द्यावी.