पेजेच्या पाण्यावर बाळ ठेवू नका

बाळाचे सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करा, ते दाट करा आणि त्यात मासळी येऊ द्या. वरसोलीपासून थळ, नवगाव, किहीमपर्यंतच्या सगळ्या घरांना माझं हेच सांगणं आहे.

हे सांगावं लागतंय, कारण ज्या घरात रोज ताजी मासळी साफ होते, त्याच घरातलं सात-आठ महिन्यांचं बाळ पुष्कळदा पेजेचं पाणी, डाळीचं वरचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्किट यांवर असतं. घरात धान्य आहे, डाळ आहे, माया तर आहेच आहे. पण ताटातलं चांगलं अन्न बाळाच्या वाटीपर्यंत पोचत नाही. देशभर हेच चाललंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते दोन वर्षं या वयाच्या शंभर मुलांमागे जेमतेम अकरा मुलांना पुरेसं खाणं मिळत होतं. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या 69 मुलांच्या अंगात रक्त कमी होतं.

रक्त कमी होण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. बाळ जन्माला येतं तेव्हा आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, पण त्यात लोह थोडंच असतं. म्हणून साठा संपत आला की लोह अन्नातूनच मिळायला हवं, आणि पेजेच्या पाण्यात ते नसतं. सहा महिन्यांपासून अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून लोहाचं औषधही मिळतं, आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. शी काळी होते म्हणून घाबरून ते बंद करू नका, ती त्या औषधानेच होते.

सहा महिन्यांच्या आत मात्र आईच्या दुधाशिवाय काहीही नको. पाणी नको, गुटी नको, मधाचं बोट तर मुळीच नको. मधात कधीकधी असे जंतू असतात की वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. मध वर्ष पूर्ण झाल्यावरच.

इथे घरोघरी आजीचा आणि सुनेचा खटका उडतो. आजी म्हणते, आम्ही चौथ्या महिन्यापासून भरवलं, आमची पोरं काय वाईट झाली? आजींचं चुकलेलं नाही. त्यांच्या काळी दवाखान्यातही चार ते सहा महिने असंच सांगत. 2001 साली जागतिक आरोग्य सभेने पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध असं ठरवलं, आणि आपल्या देशातला सल्लाही बदलला. तेव्हा आजींनी मनाला लावून घेऊ नये आणि सुनेने त्यांना अडाणी ठरवू नये. पुढचं दीड वर्ष बाळाला भरवण्याचं मोठं काम आजीच्याच हातून व्हायचं आहे.

दुसरी अडचण उष्टावणाची. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, मामा यायला हवा, सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची. हा सोहळा जरूर करा, मनापासून करा. पण मामाला सुट्टी नाही, मुहूर्त नाही, म्हणून खाणं आठव्या-नवव्या महिन्यावर ढकलू नका. आणि मुलगी आहे म्हणून पाचव्यातच घाईही नको. बाळ आधाराने बसतं, मान धरतं, तुमच्या ताटाकडे हात टाकतं, जिभेने चमचा बाहेर ढकलत नाही, आणि सहा महिने भरलेत, एवढं जुळलं की दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. सोहळा मग सवडीने होऊ दे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाचं कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता दाटपणाचं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे मिलिलिटरच्या आसपास मावतं, म्हणजे एक वाटी. ती वाटी पातळ पेजेने भरली तर पोट फुगतं, बाळ गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं ते जेवलं. अंगाला मात्र काही लागत नाही. खाणं चमच्यात घेऊन चमचा तिरका केला तर ते ओघळून पडता कामा नये, हळूच घसरावं, इतकं दाट हवं. सुरुवात दोन-तीन चमचे मऊ भात आणि मुगाच्या डाळीच्या घट्ट वरणापासून करा. दोन्ही एकत्र कुस्करून वर अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल तेल. तेला-तुपाला घाबरू नका, पोट एवढंसं असताना थोडक्या घासात ताकद भरायची ती तेला-तुपानेच. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीनदा, अर्ध्या वाटीपर्यंत वाढवत न्या. नवव्यापासून तीन-चारदा, मधे एखादं फळ. वर्षाचं झालं की पाऊण ते एक वाटी. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू राहू दे.

नाचणीची एक युक्ती सांगतो. नाचणी भिजवून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजून दळून ठेवा. मोड येताना धान्यात असा एक घटक तयार होतो की तो पिठातला स्टार्च तोडतो. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर जास्त पीठ घालूनही गुठळी न होता गिळता येण्याजोगी राहते. तेवढ्याच वाटीत दीडपट अन्न मावतं. गाळून सत्त्व काढण्यापेक्षा, दळण बारीक असेल तर न गाळताच द्या. गाळणीत राहतो त्या कोंड्यात बरंच काही जातं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते वाया कशाला घालवायचं?

मिक्सरची गुळगुळीत पेस्ट पहिले दोनेक आठवडे ठीक. पुढे हाताने कुस्करा, आठव्या महिन्यात बारीक गुठळ्या राहू द्या. दात नसले तरी हिरड्यांनी बाळ चावतं. दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्यांची सवय लागली नाही तर पुढे मूल प्रत्येक घासाला तोंड फिरवतं आणि आई रडकुंडीला येते.

मासळीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे ती आहे आणि तरी बाळाला मिळत नाही. गरम पडेल, खाज उठेल, जीभ जड होईल, असं सांगून वर्ष-दीड वर्ष लांबवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा सल्ला असा आहे की मांस, मासे किंवा अंडी बाळाला सहा महिन्यांपासून रोज मिळावीत. उशिरा दिल्याने ॲलर्जी टळत नाही. 2015 साली इंग्लंडमधला शेंगदाण्यावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला, त्यांच्यात ती ॲलर्जी खूपच कमी आढळली. माशातलं लोह अंगाला सहज लागतं, शिवाय मासा भात-डाळीतलं लोहही जास्त शोषायला मदत करतो. म्हणून वरणभातात कुस्करलेला दोन बोटांएवढा तुकडा मोलाचा.

पहिल्यांदा करताना पापलेट किंवा जिताड्याचा मधला तुकडा घ्या. काटे मोठे आणि मोजके, मांस जाड. मसाला न लावता चिमूटभर हळद घालून थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवा, मांस काट्यापासून आपोआप सुटेपर्यंत. मग स्टीलच्या ताटलीत पसरा आणि उजेडात बसून अंगठा-तर्जनीत एक-एक घास चिरडत जा. डोळ्याला न दिसलेला काटा बोटाला टोचतो. ज्याच्या हाताला मासळी साफ करायची सवय आहे, त्यानेच हे करावं, घाई असलेल्याने नाही. शिजलेलं पाणी टाकू नका, भात त्यातच कुस्करा. पापलेट बाजारात जायचं असेल तर ओला बोंबील घ्या, मऊ आणि स्वस्त, फक्त त्याचे बारीक काटे दोनदा तपासा. मांदेलीच्या काट्यांचा भरवसा नको. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, ते बाळाला देऊच नका. सुरमई क्वचित. कोळंबी, अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट, प्रत्येक नवी गोष्ट सकाळी, थोडी, एकेकटी द्या. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर थेट अलिबागचा दवाखाना गाठा, घरी वाट पाहू नका.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि बाळ नेमकं तेव्हा सहा महिन्यांचं झालं तर? अंडं पूर्ण उकडून बलक वरणभातात कुस्करा, दोन-तीन दिवसांनी पांढराही. वालाच्या सोललेल्या डाळिंब्या मऊ शिजवून द्या. घरचा सुका जवळा असेल तर तीन-चार पाण्यातून वाळू काढून, भाजून, बारीक पूड करून चिमूटभर भातात शिजवा. खारवलेला बांगडा मात्र नको, बाळाच्या मूत्रपिंडांना तेवढं मीठ झेपत नाही. वर्षाच्या आत मीठ-साखर वेगळी घालायचीच गरज नाही. अळणी आपल्याला लागतं, बाळाला अजून दुसरी चव ठाऊक नसते. शाकाहारी घरांनी डाळ, मोडाची कडधान्यं, पालेभाजी यांवर लिंबू पिळावं किंवा पेरू, आंबा, पपई द्यावी, म्हणजे त्यातलं लोह अंगाला लागतं.

चहा बंद करा. एक घोटसुद्धा. चहामुळे लोह आतड्यातून अंगात नीट जात नाही, आणि आपण एका हाताने मासळी देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतो. डब्यातलं तयार बेबी फूड महाग आहे आणि घरच्या खाण्यापेक्षा सरस नाही. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा खाण्याची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने आणि 2003 च्या दुरुस्तीने बंदी आहे, हे ध्यानात ठेवा. बाटली नको, तिच्या निपलमधून जुलाब येतात. वाटी-चमचा किंवा उकळलेलं बोंडलं पुरे.

भरवताना बाळ ओकारी काढतं, खोकतं, लाल होतं. तेव्हा थांबा, ते स्वतः सावरतं. पण आवाजच निघत नसेल, रंग निळसर पडत असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेलं आणखी आत जातं. अख्खा शेंगदाणा, चणा, काजू, द्राक्ष, ओल्या नारळाचा तुकडा पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नये.

आई पहाटे मासळी घेऊन बाजारात जाते, कुणी बंगल्यावर कामाला, कुणी मांडव्याहून लाँचने मुंबईला. बाळाला भरवायला मागे आजी, काकू, कधी दहा वर्षांची ताई असते. म्हणून बाळाची वाटी वेगळी ठेवा. सगळ्यांच्या ताटात भरवलं की किती खाल्लं ते कुणालाच कळत नाही. वेगळी वाटी असली की ते संध्याकाळी आईला दिसतं. मोबाइल लावून तोंडात कोंबू नका. समोर बसा, बोला, त्याने तोंड वळवलं तर थांबा. नवा पदार्थ आठ-दहा वेळा नाकारून मग आवडू लागतो. बाबांनीही एक वेळ भरवायची जबाबदारी घ्यावी, समुद्रावरून आल्यावर ती घेता येते.

जुलाब लागले तरी खाणं तोडू नका. आईचं दूध, मऊ खिचडी, ओआरएस, आणि डॉक्टर देतील त्या झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, शी घट्ट झाली तरी पूर्ण. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, तेव्हा बाळाची वाटी त्यांना दाखवा आणि कार्डावर वजनाची रेघ कुठे चाललीय ते विचारा. रेघ आडवी झाली असेल तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.