प्रवेश मिळाला, पंगतीचे काय?

२००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने खासगी शिक्षणसंस्थांतही आरक्षणाचा मार्ग खुला केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेने निवडक संस्थांतील शिक्षणासाठी विनातारण कर्जाची सोय केली. तथापि सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी हे खर्च शिष्यवृत्तीच्या हिशेबात क्वचितच बसतात. ‘घरी काम आहे’ असे सांगत गरीब विद्यार्थी मागे सरतो आणि मैत्रीबरोबरच टिपणे, प्रकल्पातील सोबती व नोकरीच्या वार्ताही गमावतो. महाविद्यालयांनी उपक्रमांचा खर्च प्रवेशावेळीच जाहीर करावा आणि गरजूंना नावाचा गवगवा न करता सवलत द्यावी. दार उघडून पंगतीबाहेर बसवणे म्हणजे समान संधी नव्हे.