कानउघाडणी

परवाचीच गोष्ट. बचत गटाच्या बैठकीला निघाले होते. सेनगावच्या रिसोड रस्त्याला आमच्या गल्लीतली कॉलेजची पोरगी पुढे चालली होती. मागून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला, शेवटी ओरडला. पण ही आपल्याच तंद्रीत. मीच धावत जाऊन तिला हाताला धरून बाजूला ओढलं. बघते तर दोन्ही कानांत इअरबड! "काकू, खरंच ऐकू नाही आलं हो," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी तिला भरपूर बोलले. घरी आल्यावर मात्र माझीच मला लाज वाटली. सकाळी भाकरी थापताना माझ्याही कानात हेच बोळे असतात. मागच्या महिन्यात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. हाका मारून मारून त्यांचा घसा बसला आणि मी इकडे ओट्याशी कीर्तन ऐकत होते. थोडक्यात निभावलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण ती टोचणी अजून आहे.

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरजवळ फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली. १३ लेकरं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा प्रथमदर्शनी सांगितलं गेलं. आपल्या सेनगावात रेल्वे नाही, पण ट्रॅक्टर, टिप्पर, एसटी आहेतच की!

मग काय, ऐकणंच सोडायचं? मला नाही तसं वाटत. दिवसभर दुसऱ्यांचंच ऐकणाऱ्या बाईला स्वतःच्या आवडीचं ऐकायला अर्धा तास मिळतो, तोही हात कामात असताना. तिने काही कानाला लावलं की लगेच "हिचं लक्ष कुठंय?" असं विचारणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, तेवढं सुख तिच्यापासून काढून घेऊ नका. फक्त कान बंद न करता ऐकता आलं पाहिजे.

ती सोय आता आहे. कानाचं भोक मोकळं ठेवणारे बिनवायरचे हेडफोन मिळतात. त्यात दोन प्रकार आहेत. एकात छोटासा स्पीकर कानाच्या बाहेरच, भोकासमोर राहतो. दुसरा कानापुढच्या हाडावर टेकतो आणि आवाज हाडातल्या कंपनांनी आतल्या कानापर्यंत पोचतो. विश्वास बसत नसेल तर दोन्ही कानांत बोटं घालून एखादी ओवी गुणगुणून बघा. तुमचाच आवाज आतून घुमतो ना? तो बराचसा हाडातूनच येतो.

कान मोकळा राहिल्याने कुकरची शिट्टी, लेकराचं रडणं, मागचा हॉर्न, सगळं कानावर पडतं. पावसाळ्याच्या दमटपणात कानात बोळा कोंबून ठेवल्याने खाज, ओल, बुरशी असे त्रास वाढू शकतात, तेही टळायला मदत होते. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

पण मैत्रिणींनो, नवी वस्तू आणली म्हणजे काळजी मिटली, असं नाही. आवाज हाडातून जावो की हवेतून, पोचतो तो आतल्या त्याच शंखासारख्या भागात. तिथल्या केसांसारख्या नाजूक पेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबल झाला की मर्यादा थेट ४ तासांवर येते! लहान मुलांसाठी तर ७५ डेसिबलच धरले आहेत. उघड्या कानाच्या हेडफोनमध्ये एक खोटही आहे. एसटीत, पिठाच्या गिरणीत बाहेरचा गोंगाट आत येतो, मग आपण आवाज वाढवत जातो. अशा ठिकाणी सरळ बंदच ठेवावेत. एरवीही फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. आणि कान मोकळा असला तरी मन गाण्यात असतं, म्हणून रस्ता ओलांडताना आणि स्कुटी चालवताना कोणताच हेडफोन नको.

साध्या इअरबडपेक्षा हे बरेचदा महाग पडतात, हाडावरचे तर जास्तच. परवडत नसतील तर फोन ओट्यापासून थोडा दूर ठेवून हळू आवाजात लावा. कानात यंत्र घातलंच पाहिजे, असं कुठं आहे?

आमच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आम्ही जात्यावर गात होतो, तवा दारातलं माणूसबी कळायचं." किती खरं बोलल्या! ऐका गं बायांनो, मनसोक्त ऐका. पण दारातली हाकही कानावर पडू द्या. त्या पोरीची कानउघाडणी मी रस्त्यावर केली, माझी सासूबाईंच्या न बोलण्याने झाली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं.