अस्तर बाईचं, तारीख क्लिनिकची

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली जोडपी आयव्हीएफसाठी सोलापूर, लातूर, पुणे गाठतात. सोयाबीनची पट्टी तिकडं जाते, नाही पुरली तर सोनं मोडतात. गर्भ तयार होतो, गोठवून ठेवतात. मग सुरू होतं 'अस्तर तयार करणं'. दोन महिने गेले की घरात एकच वाक्य, "सुनेचं अस्तरच वाढंना." झालं, खापर पुन्हा बाईच्या डोक्यावर.

अस्तर म्हणजे गर्भाशयाचा आतला थर. गर्भ तिथं रुजतो. सोनोग्राफीत तो साधारण 7 मिलिमीटर दिसला की पुढची तयारी करतात. त्याचे मुख्य रस्ते दोन. एक, बाईच्या स्वतःच्या पाळीवर लक्ष ठेवायचं आणि बीज फुटलं की दिवस मोजून गर्भ सोडायचा. दुसरा, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी थर वाढवायचा आणि मग प्रोजेस्टेरॉन चालू करायचं. या दुसऱ्या रस्त्यात तारीख पुढं-मागं ढकलता येते. क्लिनिकचा रविवार सुटीचा राहतो.

पाळी अनियमित असेल, पीसीओएस असेल तर गोळ्या द्याव्यातच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जिची पाळी वेळच्या वेळी येते, तिलाही सरसकट गोळ्या कशासाठी? 2016 साली नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. गोळ्यांचा रस्ता नैसर्गिक पाळीपेक्षा सरस ठरला नाही. उलट गोळ्यांच्या चक्रात बीज फुटत नाही, त्यामुळं शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. दिवस राहिले तर दहा-बारा आठवडे औषध बाहेरून घ्यावं लागतं. शिवाय अशा गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त दिसलेला आहे. हे किती जणींना बसवून सांगतात?

आणि हे ज्ञान कालपरवाचं नाही. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी गर्भ 53 दिवस गोठवला आणि नंतरच्या पाळीत आईच्या गर्भाशयात सोडला. बीजवाढीच्या औषधांनी ढवळलेल्या महिन्यात अस्तर साथ देत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. 3 ऑक्टोबर 1978 ला मुलगी जन्मली. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएममधल्या 1986 च्या यशात ज्यांचा वाटा होता, त्या डॉ. आनंद कुमार यांनीच 1997 मध्ये हा मान मुखर्जींचा असल्याचं मोकळेपणानं मांडलं.

अस्तराच्या नावानं वरून विकलं जातं ते वेगळंच. अस्तर खरवडणं, ईआरए चाचणी, पीआरपी. युरोपातल्या तज्ज्ञांच्या ईश्रे या संस्थेनं 2023 मध्ये यांची सरसकट शिफारस करायला नकार दिला. आपल्याकडं मात्र "एवढा खर्च केलाच आहे, हेही करून घ्या."

डॉक्टर म्हणतील, नैसर्गिक पाळीत सोनोग्राफी जास्त वेळा लागते, खेड्यातल्या बाईनं सारखं कसं यायचं? प्रश्न खरा आहे. भूम-परंड्याहून पुण्याला तीन-चार खेपा म्हणजे मजुरी बुडते, गावात चर्चा होते ती वेगळी. पण अस्तर आणि बीज बघायला पुणं कशाला लागतं? आपल्या जिल्ह्याच्या गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं ठरलेल्या दिवशी ही तपासणी करून रिपोर्ट क्लिनिकला पाठवला तर खेपा वाचतील. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत, निदान एवढं तरी जिल्ह्यात होऊ द्या. आमदार-खासदारांनी याचं उत्तर द्यावं.

तोवर ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी गोळ्या मनानं बंद करू नका. पण पुढच्या तारखेला जाल तेव्हा विचारा: माझी पाळी नियमित असताना गोळ्या का, आणि ही जादा चाचणी कशासाठी? फायदे, तोटे, खर्च आणि धोके समजावून सांगणं 2021 च्या एआरटी कायद्यानं क्लिनिकवर बंधनकारक आहे. उत्तर लेखी मागा. टाळलं तर त्याच कायद्यानं प्रत्येक क्लिनिकमध्ये तक्रार कक्ष ठेवायला सांगितलाय, तो कुठल्या खोलीत आहे तेही विचारा.