देवघेव विभागात वस्तुसंग्रहालय

अमेरिकेतील कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकास पुस्तकाप्रमाणेच वस्तुसंग्रहालयाचे प्रवेशपत्रही ठराविक मुदतीसाठी नेता येते, आणि ते पत्र बहुधा एका व्यक्तीस नव्हे, तर सबंध कुटुंबास लागू असते. ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण करून बडोद्यात जी ग्रंथालयव्यवस्था उभारली, तिने ग्रंथांच्या फिरत्या पेट्यांबरोबरच चित्रदर्शनाची साधनेही खेड्यांपर्यंत पोहोचविली होती. म्हणजे पाहणे हेही वाचनाचेच अंग आहे, हा विचार आपल्याच भूमीत रुजलेला आहे.

बीड जिल्ह्यातील पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी तो अमलात आणावयाचा तर केवळ प्रवेशशुल्काची सवलत पुरणार नाही, कारण खरी अडचण प्रवासाची आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले तगर नगर ते हेच. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट पॉम्पेईतील मूर्तीशी नाते सांगते. आणि एका गावकऱ्याने आपल्याच गावच्या मातीतून हे वैभव वेचून जतन केले, ही गोष्ट आमच्या मते त्या मूर्तीइतकीच मुलांना दाखविण्याजोगी आहे. मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांना निम्मे भाडे पडते. तेव्हा ग्रंथपालाने आगारप्रमुखांस आगाऊ पत्र धाडून आठ-दहा कुटुंबांची एकत्र सहल ठरविली, तर खर्च आटोक्यात राहील.

मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कालाचा आहे. आपले उपक्रम १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यांभोवती फिरतात. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातील असंख्य घरांतील नवराबायको मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडण्यासाठी एक ‘कोयता’ म्हणून जोडीने बांधले जाऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात, आणि पुष्कळदा मुलेही त्यांच्यासमवेत उसाच्या फडावर जातात. सहलीला जोडून ग्रंथालयात कौटुंबिक मेळावाही भरवावा; पण ज्या मेळाव्यात हीच कुटुंबे नसतील, त्यास सार्वजनिक कसे म्हणावे? सबब मेळावा व सहल दोन्ही अक्षय्य तृतीयेनंतरच्या पंधरवड्यात, लग्नतिथी टाळून, योजावीत. मेळाव्यास प्रत्येक घराने एखादी जुनी वस्तू आणावी, मग ते जाते असो वा झिजलेला कोयता, आणि घरातील वडीलधाऱ्याने तिची हकिकत सांगावी व मुलाने ती लिहून घ्यावी. ते कागद ग्रंथालयाच्या दप्तरी दाखल व्हावेत.

यासाठी ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी एक ठराव मात्र अवश्य करावा, की हंगामात गावाबाहेर असलेल्या कुटुंबाची त्या महिन्यांची वर्गणी माफ समजली जाईल व त्यांचे नाव वाचकांच्या नोंदवहीतून कमी केले जाणार नाही.